बायपास, रक्ताच्या पिशव्या आणि ती खिडकी (माझा अनुभव)

आम्ही खानापूर तालुक्यातले, आप्पांची बायपास बेळगावात झाली. ॲडमिशन, अँजिओ, ऑपरेशन सगळं नीट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण रक्तपेढीच्या खिडकीवरचा राग अजून जात नाही.

आदल्या दिवशी खिडकीतला माणूस म्हणाला, पिशव्या राखून ठेवतो पण आधी बदली डोनर आणा. गावाकडनं गाडी करून पोरं आणली. एकाचं हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली, दुसऱ्यानं शिबिरात रक्त देऊन 90 दिवस झाले नव्हते, तिसऱ्याच्या दंडावर नवीन टॅटू, म्हणजे वर्षभर चालत नाही. नियम बरोबरच आहेत ओ, पण फोन केला तेव्हा हे सांगायला काय झालं होतं? वर फॉर्म कन्नड नि इंग्रजीत, विचारलं की "तिकडं लिहिलंय बघा". मग सॅम्पलच्या नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं स्पेलिंग जुळेना म्हणून परत वॉर्डात पाठवलं. एवढं एक मात्र त्यांचं बरोबर, चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर जीवावर बेततं. शेवटी संध्याकाळी कॉलेजची दोन पोरं मिळाली तेव्हा सुटलो.

आणि एवढं करून रक्त दिलंच नाही!

ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन 8.4. दाजींचं सुरू, "चढवा की एक पिशवी, ताकद येईल." सर्जन म्हणाले, बीपी चांगलं आहे, ड्रेनमधनं (छातीत ठेवलेल्या नळीतनं) रक्त येत नाही, 7.5 च्या खाली गेलं तर बघू. एचआयव्ही, कावीळ यांची तपासणी प्रत्येक पिशवीची होते, पण जास्त पिशव्या लागलेल्या पेशंटमध्ये न्यूमोनिया नि छातीच्या जखमेचं इन्फेक्शनही जास्त दिसतं. अर्थात असे पेशंट मुळातच जास्त आजारी असतात, सगळा दोष रक्ताला नाही, हेही त्यांनीच सांगितलं. 2017 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासातही 7.5 पर्यंत थांबलेल्यांचं काही जास्त बिघडलं नव्हतं म्हणे. दाजी गप्प बसले, मला बरं वाटलं.

हां, एक राहिलं, ऑपरेशनच्या आधीच हिमोग्लोबिन कमी असेल तर आयर्नचं विचारून घ्या, आणि रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू असेल तर कधी बंद करायची तेही, मनानं बंद करू नका. घरी आल्यावर ताप, जखमेतनं पाणी किंवा छातीच्या हाडात कट-कट असा आवाज जाणवला तर लगेच दाखवा. डोनर नेताना वजन, औषधं, मागचं रक्तदान घरीच विचारा.

क्रॉसमॅचचे (पेशंटचं नि पिशवीतलं रक्त जुळवून बघायचे) पैसे परत मिळत नाहीत, पावती मागितली तरी.