कॅनडाच्या उत्तरेत हिऱ्यांसाठी ड्रिलिंग, माझा अनुभव

जिओलॉजी केलेली बरीच मुलं विचारतात की तिकडे एक्सप्लोरेशनचं (खनिजं शोधायचं) काम नक्की काय असतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी एका छोट्या कंपनीत कोअर लॉगिंगला (ड्रिलने काढलेल्या दगडाच्या दांड्या तपासून नोंदी करायला) होते, जागा लाक द ग्रा तळ्याच्या आसपास, म्हणजे यलोनाइफ शहरापासून ईशान्येला साधारण ३०० किमी. नकाशावर आर्क्टिक सर्कल अजून वर आहे पण इथे झाड म्हणून नाही, सगळा टुंड्रा, त्यामुळे सगळे आर्क्टिकच म्हणतात. ह्याच भागात १९९१ मध्ये चक फिप्की आणि स्ट्युअर्ट ब्लुसन ह्यांच्या शोधातून हिरे असलेला किंबरलाइट (खोलातून हिरे वर आणणारा ज्वालामुखीचा दगड) सापडला आणि १९९८ ला एकाटी खाण सुरू झाली.

पहिला प्रश्न, थंडीत का मरायला जायचं? कारण किंबरलाइट आजूबाजूच्या ग्रॅनाइटपेक्षा मऊ, हिमनद्यांनी तो खरवडून काढला, खड्डे झाले आणि त्यात तळी साचली. म्हणजे पाइप (किंबरलाइटचा जमिनीत उभा गेलेला खांब) बऱ्याचदा तळ्याखालीच. उन्हाळ्यात मशीन ठेवणार कुठे? हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावरच रिग उभी करायची. आधी रडारने बर्फाची जाडी मोजतात, कमी वाटली तर वर पाणी ओतून अजून गोठवतात, आणि इंजिनियर हो म्हणेपर्यंत रिग जागेवरून हलत नाही. ह्यात कोणी घाई करत नाही, मला ते फार आवडलं.

कुठे ड्रिल करायचं हे आमच्या आधीच्या लोकांनी ठरवलेलं. हिमनदीने वाहून आणलेल्या मातीचे सॅम्पल घेऊन त्यात जांभळट लाल पायरोप गार्नेट, हिरवा क्रोम डायोप्साइड, इल्मेनाइट अशी किंबरलाइटमधून सुटलेली खनिजं शोधायची आणि बर्फ जिकडून सरकत आला त्या दिशेला माग काढत जायचं, मग विमानातून मॅग्नेटिक सर्व्हे. पण मॅग्नेटिकमध्ये ठळक दिसलं म्हणजे किंबरलाइटच असं अजिबात नाही. डायबेस नावाचा दुसरा दगडही तसाच दिसू शकतो, आणि मग ड्रिलर मीटरमागून मीटर काळा दगड काढत बसतो आणि तुम्ही तोच मीटरमागून मीटर लिहीत बसता.

शिफ्ट १२ तासांची. आधी बर्फ, मग पाणी, मग तळाचा गाळ, ह्या सगळ्यातून केसिंग (बाहेरची नळी) पार दगडापर्यंत उतरवायचं आणि मग खरं ड्रिलिंग. पाणी त्याच तळ्याचं, पण डिझेलच्या हीटरमधून गरम करून, कारण उणे ३५ मध्ये मशीन जरा थांबलं की नळ्यांमधलं पाणी गोठलंच. काठावरून तिरकं होल मारलं तर पर्माफ्रॉस्ट (कायम गोठलेली जमीन) लागतो, तिथे पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. मोठ्या तळ्याखालची जमीन मात्र गोठलेली नसते, हे मला तिथे जाऊन कळलं. होलमधून येणारा चुरा तळ्यात सोडायचा नाही, गोळा करायचा, परमिटची अटच असते. कॅरिबू (तिकडची रानटी हरणं) जवळ आले की काम बंद.

कोअर लाकडी बॉक्समध्ये येतो, प्रत्येक रनच्या (एका खेपेत काढलेल्या कोअरच्या) शेवटी खोली लिहिलेला ठोकळा. लिहायला पेन्सिल, पेन विसरा. किंबरलाइट लागला की लगेच कळतं, राखाडी हिरवट, ऑलिव्हिन खनिजाचे दाणे उठून दिसतात, मध्येच ग्रॅनाइटचे तुकडे घुसलेले, आणि काही कोअर इतका ठिसूळ की पाणी लागलं की चिवड्यासारखा सुटतो, त्यामुळे आधी फोटो, आधी लॉग, मग बाकी. इथल्या काही पाइपमध्ये चक्क लाकूड सापडलंय, एकाटीच्या पांडा पाइपमधलं सुमारे ५ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचं, आणि आज त्याच जागी झाड सोडा झुडूप पण गुडघ्याच्या वर जात नाही!

हिरा? कोअरमध्ये नुसत्या डोळ्यांना मला एकही दिसला नाही. घरी मावशीला हे अजून पटत नाही, एखादा खडा तरी खिशात टाकायचास म्हणते. मी सीझनभर जे हिरे पाहिले ते ड्रिलच्या बिटमध्ये बसवलेले इंडस्ट्रियल. खरा निकाल लॅबमध्ये लागतो. कोअर सील लावून पाठवायचा, तिथे कॉस्टिक सोड्यात सुमारे ५५० डिग्रीला दगड वितळवतात, हिरा उरतो, आणि मग कुठल्या चाळणीवर किती कण राहिले ते मोजतात. नुसते भरपूर कण असून चालत नाही, बारीक चाळणीकडून मोठ्याकडे जाताना आकडा कसा उतरतो त्यावर पुढचे मोठे दाणे असतील का ह्याचा अंदाज बांधतात. एकाटीच्या हद्दीत दीडशेच्या आसपास किंबरलाइट सापडलेत, खाण झाली मोजक्यांचीच, तेव्हा गणित समजून घ्या.

आमच्या पाइपचा रिपोर्ट यायला काही महिने लागले, तोपर्यंत बर्फ वितळून माझं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं. कण निघाले, पण जवळजवळ सगळे बारीक चाळणीतले, म्हणून कंपनीने तो पाइप सोडला. जायचं असेल तर अर्ज उन्हाळ्यातच टाका, बूट स्वतःचे चांगले घ्या, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये यलोनाइफला हवामानामुळे अडकलेल्या दिवसांचे पैसे मिळणार का ते आधी लिहून घ्या.