आमची वाटचाल: एक ताट, एक दर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या खानावळीच्या बोर्डावर 2004 पासून एकच ओळ आहे: मटण थाळी, आणि पुढे आकडा. आकडा वाढत गेला, रीत तीच राहिली. सुक्याची एक प्लेट, तांबडा-पांढरा रस्सा पोट भरेपर्यंत, दोन भाकरी नाहीतर तीन चपात्या, भात, दह्यातला कांदा, लिंबू. बिल किती होणार हे गिऱ्हाइकाला पायरी चढतानाच ठाऊक असतं. जीएसटी आला तेव्हा आम्ही लहान धंद्यांसाठीच्या कंपोझिशन स्कीममध्ये गेलो. त्यात कर मालकाच्या खिशातून जातो, बिलावर वेगळा लावता येत नाही. सीएनं दोनदा विचारलं, परवडेल का? म्हटलं, बोर्डावर एक आकडा आणि बिलावर दुसरा, हे आपल्याला जमायचं नाही.

थाळीचा धंदा एकट्या-दुकट्यावर चालत नाही, ग्रुपवर चालतो. तालमीची पोरं, बँकेतला स्टाफ, दहावीची बॅच. ह्यांचं सगळं टीटीएमएम. जिथं मेनूकार्ड असतं तिथं एक जण फ्राय मागवतो, दुसरा दाल-राईसवर भागवतो, आणि शेवटी बिलाला सारखं भागायचं म्हटलं की दाल-राईसवाला पुढच्या वेळी घरी पाहुणे आहेत म्हणतो. थाळीत ती भानगड नाही. डोकी मोजा, गुणाकार करा. आणि सांगायचंच झालं तर कॉन्ट्री जेवणाआधी गोळा करावी. हात धुवून झाल्यावर फोन पाहण्यात सगळेच गुंग होतात.

आमचा बुधवारचा ग्रुप हे पहिल्यापासून पाळतो. त्यांचे एक खजिनदार आहेत, एसटीतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो, कंडक्टर होते म्हणून. आल्या आल्या सगळ्यांकडून पैसे घेतात, नोटा सरळ करून चष्म्याच्या डबीखाली ठेवतात आणि मगच पान मांडा म्हणतात. श्रावणातही येतात, तेव्हा अख्खा मसूर आणि भाकरी.

तांबड्याचं आमचं पातेलं पितळेचं आहे, वडिलांच्या वेळचं. त्याला वेळच्या वेळी कल्हई लागते, आणि कल्हईवाला आता शोधून आणावा लागतो. पोरगा म्हणतो स्टीलचं घ्या. स्टीलमध्ये मसाला बुडाला धरतो, हे त्याला कळायला अजून वेळ आहे. दुसरी जपलेली वस्तू म्हणजे ओगराळं, रस्सा वाढायचा खोलगट डाव. आमचं एक ओगराळं म्हणजे बरोबर एक वाटी, तवंगासकट. हात बदलला तरी माप बदलत नाही. रस्सा अनलिमिटेड लिहिणाऱ्यानं आधी माप ठरवावं आणि वाढपी एक जास्त ठेवावा. पळीनं हात राखून वाढलेला अनलिमिटेड रस्सा लोक बरोबर ओळखतात. चटणी, म्हणजे आमच्याकडचं मसाल्याचं तिखट, आम्ही उन्हाळ्यात वर्षाची एकदम डंकावर कुटून घेतो. पांढऱ्यात अळणीचं, म्हणजे बिनतिखटाचं मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ. कॉर्नफ्लॉवर आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही.

2018 पर्यंत धंदा नीट चालला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

2019 च्या उन्हाळ्यात समोरच्या गाळ्यात एकानं खानावळ काढली. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बोर्ड आमच्याहून दुप्पट, वर लाइटिंग, आणि त्यावर 'मटणही अनलिमिटेड', तेही आमच्यापेक्षा कमी दरात. पहिल्याच आठवड्यात आमचा आचारी तिकडे गेला. दोन वाढपी त्याच्या मागून. भाकरीच्या मावशी तेवढ्या राहिल्या. त्यांनाही बोलावणं आलं होतं. तिथं भाकरीला बिडाचा तवा नाही, एवढंच म्हणाल्या.

आता धंद्यातल्या माणसाला विचारा, किलोत किती प्लेटा निघतात. आमच्या आठ निघतात. म्हणजे माणशी सव्वाशे ग्रॅम कच्चं. मग अनलिमिटेड कसं परवडतं? सोपं आहे. आधी पापड, मग शेव, मग रस्सा, मग पुन्हा रस्सा, भात लवकर आणायचा आणि मटणाचा वाढपी आतच ठेवायचा. दुसऱ्यांदा मटण येईपर्यंत माणूस ढेकर देतो. पण हे गिऱ्हाइकाला चार खेपांनंतर कळतं, आणि त्या चार खेपांत आमच्यासारखा मरतो.

ऑगस्टमध्ये श्रावण लागला आणि पाठोपाठ पूर आला. राजारामपुरीत पाणी शिरलं नाही, पण शहराची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि नळ बंद झाले. टँकरच्या पाण्यावर खानावळ चालत नाही. हायवे बंद, भाजी नाही. ते दिवस गेले आणि वर्षाअखेर मटणाच्या दराचं आंदोलन पेटलं. दर साडेपाचशेच्या पुढे गेला, कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले, मटणाची दुकानंही काही दिवस बंद राहिली. मटणासाठी आंदोलन म्हणून बाहेरगावचे हसले. आमच्या पोटावर आलं होतं. थाळीचा दर वाढवावा तर समोर स्वस्त, न वाढवावा तर प्रत्येक ताटामागे नुकसान.

बुधवारचा ग्रुपही निम्मा फुटला. मास्तरांनी तोंडावर सांगितलं, "पोरं तिकडं जात्यात, मटण लई मिळतंय म्हणत्यात. तुम्ही किती देता ते लिवा की बोर्डावर. एसटीत भाडं लिवलेलं असतंय, मग कोण भांडत न्हाई." मी बोर्डावर लिहिलं: मटण 125 ग्रॅम, कच्चं. दर तीस रुपयांनी वाढवला आणि तोही खाली लिहिला.

झालं. पुढच्याच रविवारी एक पोरगा गुजरीतून सोनाराचा इलेक्ट्रॉनिक काटा खिशात घालून आला. ताट येताच प्लेटमधलं सुकं वाटीत काढलं, वाटी आधी शून्य करून घेतलेली, आणि वजन केलं. भरलं 82 ग्रॅम. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना आत नेलं, कच्च्या मटणाची एक प्लेट त्याच काट्यावर ठेवली. 127. मग पातेल्याचं झाकण काढून दाखवलं, बाकीचं कुठं जातं ते: पाणी सुटतं, चरबी वितळते, तेच अळणीत उतरतं आणि तेच तुम्ही वाटीवर वाटी पिता. पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला. जाहिरातीवर मी कधी रुपया घातला नाही, पण त्या व्हिडिओनंतर रविवारी बाकडं बाहेर टाकावं लागलं.

समोरचा लॉकडाऊनमध्ये बंद झाला, असं लोक म्हणतात. हे लिहून ठेवतो, की त्याच्या निम्म्या टेबलांवर फेब्रुवारीतच खुर्च्या उलट्या होत्या. लॉकडाऊन नंतर आला. आम्ही त्या काळात डबे दिले. एक डिलिव्हरी अ‍ॅपवालाही येऊन गेला. त्याचं कमिशन ऐकून मी त्याला पांढरा रस्सा पाजला आणि परत पाठवला. शिवाय डब्यात रस्सा मोजून जातो, मग थाळी कसली?

तक्रार एकच उरली आहे, ती एका थाळीत दोघं जेवणाऱ्यांची. एक जेवतो, दुसरा 'नुसता बसलोय' म्हणतो आणि रस्सा त्याच्या वाटीत जातो. भिंतीवर पाटी लावली तर पाटीखालीच बसतात. मित्राला जेवायला आणायचं तर ताट घ्या त्याच्यासाठी.

आचारी परत आला. दारात उभा राहिला, काही बोलला नाही. मी ओगराळं हातात दिलं. पगार तो गेला तेव्हाचाच ठेवलाय. दिवाळीला बघू म्हटलंय.