सीबीआर १०.२

रविवार, रात्री ११.४०, मुलुंड

परत येऊन नऊ दिवस झाले. समोरच्या मैदानात गोविंदा पथकाचा सराव चाललाय. वरच्या थरावरचं पोर डगमगलं की अख्खी सोसायटी गॅलरीतून "अरे अरे" करते. मला झोप नाही. जेट लॅगचं निमित्त आता आईसुद्धा ऐकून घेत नाही. साडेतीन तासांच्या फरकाचं भांडवल किती दिवस करणार!

संध्याकाळी एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, तुझी थर्ड सेमची जर्नल आहे का गं? उद्या सबमिशन आहे."

माळ्यावरून काढली. खाकी कव्हर, कोपऱ्यात लेबल, आत माझं मोत्यासारखं अक्षर. टायट्रेशनचे सात प्रयोग, प्रत्येकात तीन रीडिंग आणि चौथ्या रकान्यात सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, पुन्हापुन्हा सारखा आलेला आकडा. १०.२, १०.२, १०.२. यातलं पहिलं रीडिंग खरं असायचं. उरलेली दोन त्याच्याकडे बघून लिहायची, कारण तोवर ४.५२ची लोकल दिसायला लागलेली असायची. ग्राफ असला तर आधी रेघ मारायची, मग तिच्यावर ठिपके बसवायचे. याला आमच्या कॉलेजात कुणी खोटं म्हणत नाही. जर्नल पूर्ण करणं म्हणतात.

हाच हात घेऊन मी मे महिन्यात जर्मनीत, ग्योटिंगेनच्या एका केमिस्ट्री लॅबमध्ये काम शिकायला गेले. जाण्याआधीचा खटाटोप वेगळाच: ६३ प्राध्यापकांना ईमेल, ४ उत्तरं, १ होकार, मग डाडची (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) वाइज शिष्यवृत्ती, मग व्हिसा. ते सगळं आता बाळंतपणासारखं विसरायला झालंय (आईचा शब्दप्रयोग, माझा नाही). पहिल्या रविवारी सगळी दुकानं बंद, हे ठाऊक नसल्यानं दोन्ही वेळा मेतकूट-भात खाल्ला. रात्री साडेनऊला उजेड. पाण्याची रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत. एवढं सगळेच सांगतात.

मला सांगायचंय ते तिसऱ्या आठवड्यातलं. इथे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मला शिकवणारा पीएचडीचा मुलगा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. पहिले दोन दिवस मी त्याला "सर" म्हटलं, त्यानं हात जोडून थांबवलं. आईशी बोलताना मात्र मी "ते म्हणाले" असंच म्हणायचे, "तो" म्हटलं की आईचे प्रश्न वाढतात. तर त्या दिवशी कॉलम, म्हणजे मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा काढणं, झाला होता, सुंदर झाला होता. टीएलसी प्लेटवर यूव्ही दिव्याखाली एकच ठिपका, म्हणजे दुसरी भेसळ दिसत नाही. आता रोटाव्हॅप नावाच्या यंत्रावर व्हॅक्यूम लावून सॉल्व्हंट उडवायचं आणि फ्लास्कमध्ये उरेल ते वजन करायचं, एवढंच बाकी. जेवायची घाई होती, मी व्हॅक्यूम एकदम वाढवला. दूध उतू जातं ना, तसं भस्सकन सगळं वर चढलं आणि वरच्या काचेच्या फुग्यात, बंप ट्रॅपमध्ये, जाऊन बसलं.

खोलीत कुणी नव्हतं. मी फुगा काढला, ॲसिटोननं लख्ख धुतला, धुवण वेस्टच्या कॅनमध्ये ओतलं. मग वही उघडली. ज्या पेपरवरून आम्ही ही रिॲक्शन करत होतो त्यात यील्ड, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकेल त्यातलं हाती आलेलं, ८२ टक्के होतं. ५०० मिलिग्रॅमचे ८२ टक्के म्हणजे ४१०. लिहिलं ४१० मिलिग्रॅम. हात थरथरला वगैरे काही नाही. सवयीचा हात.

दुपारी तो आला, वही वाचली, खूश झाला. आणि सहज फ्लास्क उचलून वजनकाट्यावर ठेवला. रिकाम्या फ्लास्कचं वजन मी सकाळी त्याच पानावर लिहून ठेवलं होतं, अगदी चार दशांशांपर्यंत. त्यानं वजाबाकी केली. १४० मिलिग्रॅम.

ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडा खायची मला सवय आहे. त्यानं विचारलं, "बंप झालं का?" मी मान हलवली. मग तो उठून थेट रोटाव्हॅपकडे गेला आणि फुगा बघायला लागला. "हे धुवून घेतलं की सगळं परत मिळतं. रोज कुणाचं ना कुणाचं होतं." फुगा चकचकीत होता. त्याला कळलं. माझ्या दोन दिवसांचं काम वेस्टच्या कॅनमध्ये होतं, आणि ते मीच ओतलं होतं. झाकली मूठ म्हणे सव्वा लाखाची!

त्यानं ४१०वर एक आडवी रेघ मारायला लावली, खालचा आकडा वाचता येईल अशी. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. बाजूला १४०, "बंप झालं, ट्रॅप धुतला, धुवण टाकून दिलं", तारीख, सही. ते पान अजून तिथे आहे. वही लॅबची, माझी नाही.

त्या संध्याकाळी खोलीवर न जाता मी गावातल्या जुन्या दफनभूमीत गेले. तिथे भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकची कबर आहे. साधा उभा दगड, वर नाव, तळाशी त्याचा स्थिरांक कोरलेला: ६.६२ आणि पुढे दहाचा घात. आज आपण ६.६२६०७०१५ लिहितो, २०१९पासून तो आकडा कायमचा ठरलाय. दगडावरचा मात्र कुणी वाढवून घेतलेला नाही. बराच वेळ बसले तिथे. डास चावत होते, मुलुंडसारखेच.

आत्ता जर्नलच्या सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवले. पाठवायलाच लागले, सही झाली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि पोरगी बदलापूरहून येते. तिचं बदामाचं चित्र आलं. मी विचारलं, "प्रयोग केलास ना गं पण?"

"केला ताई. पण ब्युरेट गळत होती, तीन वेळा तीन आकडे आले. तुझं १०.२ लिहिते."

"गळत होती असं लिही" एवढं टाइप केलं. मग पुसलं. सही करणाऱ्या मॅडमना मी ओळखते.

अजून "टायपिंग" दिसत असेल तिला.