आमच्या सोसायटीतला एक तासाचा अंधार

मार्चच्या सुरुवातीला एका रात्री दोन वाजता जाग आली ती दयाळ पक्ष्याच्या शिट्टीने. आमच्या बेडरूमच्या खिडकीसमोर करंजाचं मोठं झाड आहे आणि मार्चमध्ये दयाळ गातो, त्यात नवल नाही. पण तो पहाटे गातो, रात्री दोनला नाही. पडदा सरकवला तर झाड लख्ख उजळलेलं. पान न् पान दिसत होतं. त्या पक्ष्याला पहाट कधी होते हे कळायला काही जागाच आम्ही ठेवली नव्हती.

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रस्त्यावर आहे. तीन विंग, सात मजले, ८४ घरं. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमधल्या दुचाकींचं पेट्रोल दोनदा चोरीला गेलं, तेव्हा कंपाउंडच्या भिंतीवर ५० वॉटचे १२ फ्लडलाइट बसवले. संध्याकाळी साडेसहाला लागतात, सकाळी साडेसहाला वॉचमनदादा बंद करतात. त्यातले दोन थेट करंजाच्या शेंड्यावर रोखलेले होते. हे दिवे कमी करा असं मी कमिटीत एकदा सांगून पाहिलं होतं. "चोरी झाली तर जबाबदार कोण?" या एका प्रश्नावर विषय संपला होता. तो प्रश्न चुकीचा नव्हता, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून 'अर्थ अवर' आठवला. ३१ मार्च २००७ ला सिडनीत लोकांनी तासभर दिवे मालवले, तिथून ही प्रथा सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी २२ लाख लोक सामील झाल्याचा अंदाज सांगतात. भारतात २००९ पासून होतो. बहुतेक वर्षी मार्चचा शेवटचा शनिवार असतो, पण २०२५ मध्ये तो २२ मार्चला होता, रात्री साडेआठ ते साडेनऊ. मनात आलं, दिवे कायमचे कमी करा म्हटलं की सगळे घाबरतात, पण एक तास बंद ठेवू म्हटलं तर तयार होतील. आणि एकदा सगळ्यांनी खाली उतरून तो अंधार पाहिला की मग बोलता येईल.

कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिलाच आवाज आला, "अहो, त्या दिवशी आयपीएल सुरू होतंय!" खरंच होतं. २२ मार्चला ईडन गार्डन्सवर कोलकाता विरुद्ध बंगळुरू, साडेसातला. कॅलेंडर पाहताना माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी तिथल्या तिथे सांगितलं, टीव्ही बघा, पंखा लावा, फ्रिज चालू राहू दे, बंद करायचे ते फक्त दिवे. मार्चअखेरीच्या पुण्यात कुणाला पंखा बंद करा म्हणणं माणुसकीला धरून नाही, आणि या उपक्रमात तशी अपेक्षाही नसते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांना हात लावायचा नाही, हे नोटीसवर ठळक अक्षरांत लिहायचं ठरलं.

एकांनी विचारलं, सगळ्यांनी एकदम दिवे बंद केले तर ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, धोका नाही का? २०२० च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभर दिवे मालवले होते, ती नऊ मिनिटं त्यांच्या डोक्यात होती. आमच्याकडे वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांनी छान समजावलं. ५ एप्रिल २०२० ला देशभर मिळून सुमारे ३१ हजार मेगावॉटची मागणी काही मिनिटांत उतरली होती, आणि तेव्हाही जलविद्युत केंद्रं वरखाली करून विजेची वारंवारता नेहमीच्या ५० हर्ट्झच्या आसपास सांभाळली गेली. "आपली सोसायटी मिळून चार-पाच किलोवॉट. ग्रिडला कळणारसुद्धा नाही," काका म्हणाले. हे ऐकून कुणीतरी म्हणालं, मग करायचं कशाला? त्याचं उत्तर मी तेव्हा नीट देऊ शकले नाही.

मेणबत्त्यांवरून मात्र मी हट्टाने वाद घातला. सांस्कृतिक समितीला ८४ गॅलऱ्यांत मेणबत्त्या हव्या होत्या, फोटो सुंदर येतात म्हणून. बाजारातली मेणबत्ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलातून आलेली. साधी मेणबत्ती तासाला सहा-सात ग्रॅम मेण जाळते आणि त्यातून वीसेक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. उलट ९ वॉटचा एलईडी तासभर चालवला तर, आपल्या देशाच्या विजेचा सरासरी हिशोब युनिटमागे साधारण ०.७ किलोचा धरून, सहा-साडेसहा ग्रॅम. म्हणजे दिवा मालवून मेणबत्ती लावली तर आपण तिप्पट धूर केला. हा हिशोब मी कागदावर मांडून दाखवला. शेवटी ठरलं, प्रत्येक विंगच्या दाराशी एकच तेलाची पणती. बाकी अंधार.

मग तीन संध्याकाळी घरोघर फिरले. ग्रुपवर मेसेज टाकून भागलं नसतं. तिथे सगळे हात जोडलेलं चित्र पाठवतात आणि विसरतात. माझ्याबरोबर अ विंगमधली दोन मुलं होती, एकीच्या हातात यादी, दुसऱ्याच्या हातात पेन. बऱ्याच घरांत चहा मिळाला. सीबीएसईच्या बारावीची परीक्षा सुरू असलेल्या घरी मी स्वतःच सांगितलं, तुम्ही अभ्यास करा, खिडकीचा पडदा ओढा, बस्स. काही दारं उघडली नाहीत. शेवटी ५८ घरांनी हो म्हटलं.

एका दारात मी जास्त वेळ थांबले. ब विंगमधल्या एक ताई हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, त्यांची पाळी आठला संपते. त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं सगळं पटतं. पण मी साडेनऊच्या सुमारास गाडी लावून एकटी येते. गेटजवळचा आणि दुचाकींच्या स्टँडवरचा दिवा बंद करू नका. त्या दिवसापुरताही नको." त्यांनी आवाज चढवला नव्हता, अगदी शांतपणे सांगितलं. मी घरी येऊन नोटीस बदलली. १२ फ्लडलाइटपैकी १० बंद, ते दोन चालू. सुरक्षेबद्दल कमिटीत इतका वेळ बोलणारे आम्ही सगळे, पण नेमका कुठला दिवा कुणासाठी लागतो हे त्यांनी सांगितलं.

२२ तारखेला आठपासून लोक गच्चीवर जमू लागले. चटया, पाण्याच्या बाटल्या, कुणी भेळ करून आणलेली. मी खाली मीटर रूमपाशी होते. वायरमनला मी आधी नीट सांगून ठेवलं होतं की फ्लडलाइटचे एमसीबी, म्हणजे पॅनेलवरचे छोटे स्विच, एकेक करून खाली पाडायचे. पण वेळ जवळ आली, वरून मुलांनी उलटी मोजणी सुरू केली आणि मी घाईत म्हणाले, "दादा, कॉमनचा मेनच ओढा." म्हणजे लिफ्ट, पंप, जिना, फ्लडलाइट सगळ्यांचा मिळून एकच मुख्य स्विच. त्याने ओढला.

सगळं काळोखात गेलं. वर टाळ्या वाजल्या. दहा-बारा सेकंदांनी जनरेटर धडधडत सुरू झाला.

आमच्या जनरेटरचं पॅनेल ऑटोवर असतं. पुरवठा गेला असं त्याला वाटलं की ते आपोआप इंजिन सुरू करतं आणि कॉमनचा भार उचलतं. त्याने आपलं काम चोख केलं. बाराही फ्लडलाइट पुन्हा लागले, या वेळी डिझेलवर, आणि काळा धूर सरळ करंजात शिरला. त्यापेक्षा वाईट म्हणजे ब विंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि आत एक सत्तरीचे गृहस्थ होते. जनरेटरवर लिफ्ट परत हलली, ते सुखरूप बाहेर आले, पण तो अर्धा मिनिट मी विसरणार नाही. लिफ्टला हात लावणार नाही असं मीच लिहून दिलं होतं. मी धावत जाऊन त्यांची माफी मागितली, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन पुन्हा मागितली.

मंडळातले काका तोवर खाली आले होते. त्यांनी क्रम लावून दिला. आधी लिफ्ट तळमजल्यावर आणून दार उघडं ठेवा, मग पॅनेल मॅन्युअलवर, मग मेन परत वर, आणि त्यानंतर दहा एमसीबी, एकेक. खरोखरच वीज गेली तर जनरेटर हाताने सुरू करायला एक माणूस तासभर तिथेच बसला पाहिजे, हेही त्यांनीच सांगितलं आणि स्वतः खुर्ची टाकून बसले. कुणाला आपल्या सोसायटीत असं काही करायचं असेल तर एवढं एक जरूर करा. दोन दिवस आधी, दिवसाउजेडी, हे सगळं एकदा करून पाहा. आम्ही केलं नव्हतं.

पावणेनऊला मी गच्चीवर पोचले. त्या रात्री फाल्गुन वद्य अष्टमी होती, चंद्र उगवायला मध्यरात्र उलटणार होती, हे आमचं नशीब. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई मुलांना आकाश दाखवत होत्या. डोक्यावर मंगळ, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, तांबूस. पश्चिमेला गुरू, इतका ठळक की एका मुलाला ते विमान वाटलं, आणि त्याच्या खालच्या अंगाला रोहिणी. नैर्ऋत्येकडे मृग, त्याच्या डाव्या बाजूला व्याध. कृत्तिका शोधायला वेळ लागला. आमचं आकाश काही पेंचसारखं झालं नव्हतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथला अंधार वेगळा, आणि आमच्या चारी बाजूंनी पुण्याचा पिवळट उजेड होताच. पण बाईंनी "सरळ बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा" असं सांगितल्यावर मला कृत्तिकांतले चार तारे मोजता आले. या गच्चीवर मी अकरा वर्षं पापड वाळवते आहे. कृत्तिका तिथून कधी दिसल्या नव्हत्या.

भाषण मी ठेवलं नव्हतं. कुणी मोबाइलवर हळू आवाजात मॅचची कॉमेंट्री लावली होती, कुणी आजोळच्या गावी उन्हाळ्यात अंगणात झोपायचो ते सांगत होतं. अकोले तालुक्यातल्या एक वहिनी त्यांच्याकडच्या काजव्यांबद्दल बोलल्या. पावसाच्या आधी झाडंच्या झाडं लुकलुकतात, पण पर्यटकांच्या गाड्यांचे हेडलाइट पडले की तेवढ्या भागात ती लय तुटते. नर आणि मादी एकमेकांना त्या उजेडानेच ओळखतात, दुसरा उजेड आला की शोधणार कसे? मला खालचा दयाळ आठवला.

साडेनऊला सगळे खाली उतरले तेव्हा मी विनंती केली की दिवे एकदम लावायचे नाहीत, एकेक लावू, आणि प्रत्येक वेळी बघू की काय दिसायला लागलं. वीस-पंचवीस माणसं कंपाउंडमध्ये उभी होती. गेटचा आणि स्टँडचा चालू होताच. तिसरा लावला, त्याने मागच्या भिंतीचा उकिरडा उजळला. चौथा आणि पाचवा करंजावर. सहावा समोरच्या बंगल्याच्या खिडकीत. आठव्याला कुणीतरी म्हणालं, "पुरे, हे सगळे कशाला लागतात?" हे मी म्हटलं नव्हतं.

मग रात्री हिशोब केला. ५८ घरांत प्रत्येकी ४५ वॉटचे दिवे तासभर बंद, म्हणजे जेमतेम २.६ युनिट. दोन किलोपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड. आणि जनरेटर काही मिनिटं चालला त्याचं डिझेल वेगळं. आता ते १० फ्लडलाइट रात्री ११ ते सकाळी साडेसहा नुसते बंद ठेवले, तर एका रात्रीचे ३.७५ युनिट. म्हणजे एवढ्या घरांनी मिळून त्या तासात जे वाचवलं, त्याहून जास्त आम्ही रोज रात्री झाडावर आणि भिंतीवर ओतत होतो. "मग करायचं कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मला कागदावर सापडलं. दुसऱ्या दिवशी तो कागद मी लिफ्टशेजारच्या फलकावर लावला.

पाडव्यानंतरच्या मीटिंगमध्ये एक टायमर घ्यायचं मंजूर झालं. करंजावरचे दोन फ्लडलाइट काढले आणि उरलेल्या आठांची तोंडं खाली, जमिनीकडे वळवली. ते ११ ला बंद होतात. गेटचा आणि स्टँडचा रात्रभर चालू राहतो. सुरक्षेचा प्रश्न विचारणाऱ्यांनी अट घातली की तीन महिन्यांत एकही चोरी झाली तर सगळं पूर्ववत. मला ती अट मान्य आहे, वॉचमनदादांच्या वहीत रोज नोंद होते. मागच्या उकिरड्याशी हालचाल झाली की लागणारा दिवा बसवावा असं मी सुचवलंय, त्याचं कोटेशन अजून यायचंय.

परवा दयाळ पावणेपाचला गायला लागला. मी घड्याळ पाहिलं आणि उठून दूध तापवायला ठेवलं.