हिशेबातली मैत्री

जूनमध्ये वेंगुर्ल्याकडच्या आमच्या वाडीत लाईट जाणे ही काही बातमी नव्हे. पण त्या रात्री ती गेली तेव्हा मुंबईहून आलेला माझा भाचा माजघरात असा ओरडला की आई हातातली जपमाळ घेऊन तशीच बाहेर आली. कोणाला काही लागले नव्हते. टीव्हीला जोडलेल्या प्लेस्टेशनवर तो ‘स्टारड्यू व्हॅली’ नावाचा खेळ खेळत होता आणि त्यातला त्याचा एक अख्खा दिवस वाया गेला होता. त्या खेळातल्या शेतकऱ्याने रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मगच दिवस साठवला जातो; याच्या शेतकऱ्याला घराचे दार समोर दिसत असताना इकडे आमच्या तारांवर माडाचे झावळ पडले. भाच्याला दुःख पिकाचे नव्हते. ‘‘शेनला मिरची दिली होती, मामा,’’ तो काळोखातून म्हणाला. ‘‘आता दिलीच नाही असं झालं.’’

हा शेन कोण, हे मला पुढच्या आठ दिवसांत कळले. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने काही वर्षे खपून केलेला हा खेळ 2016 साली बाहेर आला, आणि त्यातल्या गावात शेन हा आत्याकडे राहणारा, दारूत बुडालेला, तुसडा तरुण आहे. आपण गावात नवे असताना त्याच्याशी बोलायला जावे, तर तुम्हाला मी ओळखत नाही, मग बोलता कशाला, अशा थाटात तो वाटेला लावतो. भाच्याने उन्हाळ्यात मिरची लावली, तिला रोज पाणी घातले आणि आठवड्यातून दोनदा ती त्याच्या हातात नेऊन ठेवली, कारण आठवड्याला दोनच भेटी देता येतात. मग एका रात्री तळ्याकाठी तो बाटली घेऊन बसलेला सापडतो आणि एक बाटली आपल्यापुढे करतो. आणखी बऱ्याच मिरच्यांनंतर, पावसात, कड्याच्या टोकाशी पडलेला सापडतो. जगायचे कशाला, एवढाच त्याचा प्रश्न उरलेला असतो. तो प्रसंग भाच्याने माझ्यासमोर खेळला तेव्हा घरात कोणी बोलत नव्हते. तिथून पुढे तो हळूहळू सावरतो, पण एका फटक्यात सुधारत नाही, हे मला विशेष आवडले.

नावाजण्याआधी मी नाक मुरडले होते, हेही सांगायला हवे. या मैत्रीला गुण असतात. अडीचशे गुण झाले की पडद्यावर त्या माणसाच्या नावापुढचा एक लाल बदाम, म्हणजे हृदयाचे चिन्ह, भरतो, रोज दोन शब्द बोललात तर वीस मिळतात, बोलणे टाकलेत तर थोडे थोडे गळतात, आणि वाढदिवसाच्या भेटीला आठपट मोल येते. मैत्रीचा असा वाण्याच्या वहीसारखा जमाखर्च पाहून मी भाच्याला काहीतरी टोचून बोललो. त्याच संध्याकाळी आईने काप्या फणसाचे गरे एका टोपात भरून त्याला शेजारच्या काकींकडे पिटाळले आणि तो परत आला तेव्हा टोपात रातांबे होते. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, घरात काही नसेल तर निदान चिमूटभर साखर टाकायची, हा आमच्याकडचा रिवाज त्याला ठाऊक नव्हता. कोणाचा टोप कोणाकडे आहे, कोणाकडून शेवटचे काय आले आणि आपल्याकडून जायचे राहिले आहे का, हे सारे आईला वर्षभर तोंडपाठ असते. ती ते बोलून मात्र कधी दाखवणार नाही. ‘‘म्हणजे आजीचे किती बदाम झाले?’’ भाच्याने विचारले आणि माझे टोचणे माझ्याकडेच परत आले. खेळातला शेनसुद्धा तीन बदाम भरले की टपालाने मिरचीच्या एका पदार्थाची कृती पाठवतो. टोप तिथेही रिकामा येत नाही.

एक गोष्ट तरीही मला खटकली ती खटकलीच. शेनला मिरची आवडते हे भाच्याने इंटरनेटवर वाचले होते. नावडती वस्तू दिली तर गुण कापले जातात, म्हणून मुले आधीच यादी पाहून ठेवतात आणि चुकून बघण्याची पाळी स्वतःवर येऊ देत नाहीत. काकींना गोड खपत नाही हे आम्हाला दोन वेळा खरवस देऊन मग कळले होते, आणि त्या खरवसावरून आजही हसणे होते.

माणसाची वाढ आकड्यांत मोजण्याची ही पद्धत संगणकाच्या खेळांनी शोधलेली नाही. ती 1974 साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बसून खेळायच्या खेळातून आली: राक्षस मारावा, अनुभवाचे गुण मिळवावेत, पायरी चढावी. अनुभव या शब्दाचे हे फार स्वस्त रूप झाले, आणि टोबी फॉक्सने 2015 साली ‘अंडरटेल’ या आपल्या खेळात त्याची चांगलीच खोड मोडली, तिथे शेवटी कळते की ज्याला आपण इतका वेळ अनुभव समजत होतो तो आपण केलेल्या हत्यांचा आकडा आहे. उलट ‘क्रोनो ट्रिगर’ या 1995 सालच्या जपानी खेळात दोघांनी मिळून करायचा वार असतो. त्यासाठी जो आधी सज्ज होतो त्याला, शत्रूचे घाव खात, दुसरा सज्ज होईपर्यंत थांबावे लागते. रापण, म्हणजे दोन्ही बाजूंनी माणसे लावून किनाऱ्यावर ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. एका बाजूच्या दोरावरची माणसे घाईला आली तर जाळे तिरके होते.

पण माझे मन खरे बसले ते ‘फायनल फँटसी’ मालिकेतल्या पंधराव्या खेळावर. हाही 2016 सालचाच. चार मित्र मोटारीने निघतात. राजपुत्र नॉक्टिस गळाने मासे गरवतो, इग्निस रांधतो, प्रॉम्प्टो फोटो काढतो आणि ग्लॅडिओलस रानावनात तगून राहण्याची विद्या सांभाळतो. ज्याने त्याने आपले काम करत राहावे, तसतसा त्याचा हात बसत जातो. दोरीला किती ताण द्यायचा आणि कधी सैल सोडायची हे न समजल्याने माझी पहिली गरी तुटली, तेव्हा आमच्या धक्क्यावर लहानपणी गमावलेल्या सगळ्या गऱ्या मला आठवल्या. दिवसभर कमावलेला अनुभव इथेही मुक्काम केल्याशिवाय अंगी लागत नाही. समुद्रकाठच्या महागड्या हॉटेलात निजलात तर तो दुप्पट होऊन लागतो. उघड्यावर तंबू ठोकलात तर जेवढ्यास तेवढा, पण तिथे इग्निस चूल मांडतो आणि जेवणानंतर दिवसभराचे फोटो सगळे मिळून पाहतात. हिशेबाने पाहिले तर हॉटेलच परवडते. भाचा आठातले सात मुक्काम तंबूतच करत असे आणि कारण विचारले तर खांदे उडवत असे. समुद्रकाठच्या आमच्या गावात हॉटेले वाढताहेत, म्हणून मला त्याचा जरा जास्तच आनंद झाला असेल.

पुढे या गोष्टीत इग्निसची दृष्टी जाते. त्यानंतर एका खाणीतून वाट काढायची असते. तो काठी टेकत, चाचपडत मागून येतो आणि वार करू गेला तर हवेत करतो. खेळ त्यावर व्याख्यान देत नाही. धावण्याचे बटण आपल्या बोटाखाली पूर्वीसारखेच असते. फक्त आपण फार पुढे गेलो तर ग्लॅडिओलस संतापतो. त्या दिवशी पाऊस धरून होता, लाईट पुन्हा जाईल या धास्तीने मला ती खाण एकदाची संपवायची होती, आणि रिमोट माझ्या हातात होता. वाडीतून समुद्रावर जाताना जो आम्हाला कायम मागे टाकून पळतो, तो भाचा शेजारी बसून फणसाची साठं खात होता.

‘‘मामा, सावकाश,’’ तो म्हणाला. ‘‘तो मागे राहिला.’’

मी बटणावरचे बोट उचलले.