दोरीत शिरताना

लांब दोरी दोघींनी दोन टोकांना धरून फिरवायची आणि तिसरीने बाजूने धावत येऊन आत शिरायचं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला उड्या येत होत्या, शिरणं जमत नव्हतं. दोरीवर नजर रोखून ती अंग पुढे-मागे झुलवायची, मनाचा हिय्या करून पाऊल टाकायची आणि दोरी सपकन खांद्यावर बसायची. आठवडाभर हेच. एकदा रडवेली होऊन म्हणाली, "आई, मला दिसते तोवर ती गेलेली असते."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बरोबरच होतं तिचं. वेगात फिरणारी दोरी डोळ्यांना पुसट पट्ट्यासारखी दिसते, नेमका क्षण तिच्यात सापडत नाही. जमिनीवर आपटण्याचा आवाज मात्र कानाला लख्ख मिळतो. बोटाने ठेका धरायला सांगितला तर लुकलुकणाऱ्या दिव्यापेक्षा टिकटिकीबरोबर माणसं तो कितीतरी नेटका धरतात. शिवाय बोट बहुतेक वेळा टिकच्या किंचित आधीच पडतं, सेकंदाच्या काही शतांश भागांनी. पुढचा टिक कधी येणार हे आतून ठाऊक असल्याशिवाय असं कसं होईल?

दुसऱ्या दिवशी मी तिला दोरीकडे पाठ करून उभं केलं. डोळे मिटायला सांगितले. दोरी आपटली की त्याच क्षणी तिच्या खांद्यावर हलकेच थाप द्यायची, एवढंच मी करत होते. दहा फेऱ्यांना नऊ सेकंदांच्या आसपास लागत होते. दोनेक मिनिटांत तिची हनुवटी हलायला लागली. मी हात काढून घेतला, हनुवटी हलतच राहिली. मग तिला वळवलं. पहिल्यांदा अडकली, दुसऱ्यांदा अडकली, तिसऱ्यांदा आत होती. तिथेच थांबून ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणून दोरी पायात आली. पण शिरली होती.

हनुवटी हलत होती तेव्हा आत काय चाललं असेल, याचा एक जुना माग आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेंदूचे अभ्यासक विल्यम ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली दाखवलेला. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेल्या माणसाला 'टक' असा आवाज ऐकवायचा, सेकंदाभराने दिवा लुकलुकायला लागायचा आणि बटण दाबून त्याने तो बंद करायचा. काही फेऱ्यांनंतर आवाज आणि उजेड यांच्या मधल्या रिकाम्या सेकंदात मेंदूत एक संथ विद्युत लाट चढताना दिसू लागली. उजेड येणं बंद केलं की काही वेळाने ती विरायची. कानाने खूण दिली आणि डोळ्यांसाठी तयारी झाली! मला हा प्रयोग फार आवडतो.

मग शेजारच्या मुलीने दोरी जोरात फिरवली आणि आमचं सगळं मुसळ केरात. लेक हिरमुसली, मी नाही. 1998 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना हाताच्या त्वचेवरच्या दोन कंपनांमधलं अंतर ओळखायचा सराव दिला होता. सुधारणा दुसऱ्या हातातही उतरली आणि कानाने ऐकलेल्या अंतरांतही, पण सराव केलेल्या अंतराच्या आसपासच. स्पर्शाने शिकलेलं कानाला कळलं, वेगळ्या कालावधीला मात्र नाही. माझ्या लेकीचंही तेच झालं असावं, असं मला वाटतं. नव्या वेगाला पुन्हा पाठ, पुन्हा थाप. या खेपेला दोन दिवस पुरले.

काल त्या मुली गवतावर खेळत होत्या. तिथे दोरी आपटल्याचा आवाजच येत नाही. लेक कडेला उभी राहिली, दोरी फिरवणारीच्या मनगटाकडे बघत. चार फेऱ्या गेल्या. हनुवटी हलायला लागली आणि पाचव्या फेरीला ती आत गेली.