सभामंडपातील तपासणी

आज सकाळी आमच्या गल्लीतील विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर होते आणि नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. दवाखान्याची पायरी चढायला कधीही तयार न होणाऱ्या शेजारच्या काकू आरतीनंतर प्रसाद हातात घेऊनच खुर्चीवर बसल्या. थोडी विश्रांती देऊन दुसऱ्यांदा मोजला तरी त्यांचा रक्तदाब १७०/१००, म्हणजे बराच जास्त भरला. त्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता, आणि उच्च रक्तदाबाची खरी भीती तीच आहे.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव भरवून रक्तदान व प्लाझ्मादान घडवले होते, तर पुण्यात आझम कॅम्पस या शैक्षणिक संकुलातील मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ करण्यात आली होती. अशा संकटात जे घडले ते एरवीही दर महिन्याला का घडू नये, हा प्रश्न मी आज विश्वस्तांना मनापासून विचारला, कारण लोकांचा विश्वास आणि पायाखालची वाट या दोन्ही गोष्टी देवळाकडे आधीपासूनच आहेत. त्यांनी महिन्याचा पहिला रविवार देण्याचे मान्य केले. उद्या मी काकूंना महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन जाणार आहे.